चौदा सह्या

माधवनगर, सांगली
११ जून २०२३

जयराज,

माझा नंबर तू ब्लॉक केलायस. माझ्या बायकोच्या, मायाच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर ठेवलास. आता मायाचाही नंबर लागत नाही. म्हणून वाईच्या घरच्या पत्त्यावर लिहितोय. मुंबईला जहाजांवर भरती करणाऱ्या एजन्सीच्या ऑफिसात बसतोस एवढं कळलं, पत्ता कुणी दिला नाही. तुझे वडील पत्र पुढं पाठवतील, एवढा भरवसा आहे.

मी हल्ली इथं एका लाँड्रीत आहे. जुन्या मिलच्या शेडमध्ये दवाखान्यांच्या चादरी धुतो. जहाजावर करत होतो तेच, फक्त पायाखालची फरशी हलत नाही.

कामाचं लिहितो. गेल्या आठवड्यात धोंडुकाकीला जहाज कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. अर्जुनाची ही आई तीन वर्षं एकच विचारतेय, माझा पोरगा आजारी होता तर त्याला डॉक्टर का मिळाला नाही. उत्तर आलं नऊ पानांचं. सातव्या पानावर लिहिलंय, ‘कर्मचारी अर्जुना याने आजाराची लक्षणे लपवून ठेवली आणि स्वतःचा व सहकाऱ्यांचा जीव धोक्यात घातला.’

वाचून दाखवायला आमच्या खटावकडच्या वाडीत इंग्रजी येणारा मीच, म्हणून गेलो. इंग्रजीतलं मराठीत करत करत गेलो आणि त्या ओळीवर अडकलो. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

म्हणाली, “लपिवलं? त्यो कशाला लपवंल? नुसतं शिंका आल्या तरी गावभर सांगत हिंडायचा त्यो.”

त्या ओळीला पाय फुटले. दुसऱ्या दिवशी वाडीतला आकाराम पारावर बसून म्हणाला, “सोता मेला आन् जहाजावर मागनं मेलेल्या त्या दोघा परदेशी पोरांस्नीबी घिऊन गेला.” काकी दळण घेऊन तिथनंच चालली होती.

आता तुला आठवण करून देतो. कोरोना आला तेव्हा, २०२०च्या मार्चमध्ये प्रवासी उतरवले. आपण कामगार राहिलो, सहाशेच्या वर. एकही बंदर आत घेईना. नांगर टाकून समुद्रात उभे होतो. तीस मार्चपासून रोज सकाळी दाराखालून फॉर्म यायचा. ताप आहे का, खोकला आहे का, दम लागतो का. सगळ्यांपुढं ‘नाही’वर आधीच टिक छापलेली. आपण फक्त सही करायची. ते फॉर्म वाटायचं आणि गोळा करायचं काम क्रू ऑफिसचं, म्हणजे तुझं.

आठ एप्रिलला अर्जुना ऑफिसच्या खिडकीशी आला होता. मी त्याच्या मागं रांगेत होतो. तुला म्हणाला, “जयराज, अंगात ताप हाय रं. डोकं उचलंना झालंय.” तू काय म्हणालास? “आत्ता सही करून दे. आकडा वाढला तर बंदरात घेणार नाहीत. डॉक्टरला मी सांगतो.” दहा तारखेला तो परत आला. तू परत तेच. डॉक्टर आला बारा तारखेच्या दुपारी. तेरा तारखेला सकाळी अर्जुना गेला.

तुला एवढंच लिहून द्यायचंय : ताप असल्याचं अर्जुनानं मला दोनदा सांगितलं होतं. एक ओळ. सांगलीच्या वकीलबाई संयोगिता आपल्या बाजूनं लढतायत. त्या म्हणतात, ही एक ओळ मिळाली तर सातव्या पानावरची ओळ टिकत नाही.

चौदा दिवसांच्या चौदा सह्या कंपनीनं पुरावा म्हणून जोडल्यात. त्या कशा झाल्या त्यात आता शिरायला नको.

कृष्णात


माधवनगर
९ जुलै २०२३

जयराज,

उत्तर नाही. म्हणून परवा सुट्टी टाकून वाईला जाऊन आलो.

तुझे वडील गणपतीच्या घाटावरनं नुकतेच आले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. लालासाहेबकाका फौजेत चोवीस वर्षं होते हे तू नेहमी सांगायचास. माणूस बघितल्यावर सांगायची गरज नव्हती.

“तुमचं पत्र मी त्याला पाठवलं,” म्हणाले. “फोडलेलं नाही.”

मी म्हणालो, “काका, मग तोंडानं सांगतो.” आणि सगळं सांगितलं. अर्जुना, खिडकी, फॉर्म.  शेवटी म्हणाले, “युनिटची गोष्ट युनिटमध्येच राहते. वरची ऑर्डर असंल. पोरगा तरी काय करणार?”

मला राहवलं नाही. “काका, ते युनिट नव्हतं. तुमच्या युनिटात जवान पडला तर त्याच्या आईला काय लिहून पाठवत होता? त्यानं लपवलं म्हणून पडला, असं?”

त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं हाकलतात. ते आत गेले आणि परत बाहेर आलेच नाहीत. तुझी आई आली आणि म्हणाली, “पाच मिनिटांत एसटी आहे.”

आता इकडचं ऐक. वकीलबाईंनी मला एक कागद समजावून सांगितला, नोकरी लागताना आपण सह्या ठोकल्या तोच. जहाजावर झेंडा एका देशाचा. कंपनी दुसऱ्या देशात. एजन्सी मुंबईची. भांडण झालं तर ते सोडवायला लवाद बसणार चौथ्याच गावात, कायदा त्या झेंडेवाल्या देशाचा. म्हणजे खटावच्या बाईचा लेक समुद्रात मेला, तर तिनं दाद मागायची अशा देशाच्या कायद्यानं, ज्याचं नाव तिला उच्चारता येत नाही. आपल्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. साहेब म्हणाले, हद्द आमची नाही. मुंबईला सरकारी जहाजखात्याकडं अर्ज केला, उत्तर आलं : संबंधितांकडे वर्ग केला आहे. संबंधित कोण, ते कळवलेलं नाही.

हे सगळं दगडावर डोकं आपटल्यासारखं आहे. तू एकटाच माणूस आहेस. एक ओळ लिही.

कृष्णात


माधवनगर
२७ ऑगस्ट २०२३

जयराज,

मिळाला तुझा मेसेज. नवीन नंबरावरनं केलास आणि लगेच तोही बंद केलास.

“शेवटच्या दोन फॉर्मवर सही कुणाची आहे ते वकीलबाईंना सांगितलंस का?”

आठ दिवस मी तुला मनात शिव्या देतोय. तुला कसं कळलं असं विचारत नाही. फॉर्म गोळा करणारा तू, तुला दोघांचं अक्षर माहीत. तेव्हा गप्प बसलास आणि ते तीन वर्षं जपून ठेवलंस माझ्यासाठी.

नाही सांगितलं. कुणालाच नाही, मायालासुद्धा.

तर आता तुलाच सांगतो. अकरा तारखेला सकाळी दाराखालून दोन फॉर्म आले. आम्ही दोघं एकाच केबिनमध्ये, अर्जुना खालच्या फळीवर, मी वरच्या. त्याच्या हातात पेन दिलं तर ते पडलं. परत दिलं, परत पडलं. मग म्हणाला, “किस्ना, तू लिव. ‘न्हाई’ खोड. ‘व्हय’ लिव.”

मी म्हणालो, बरं. आणि ‘नाही’वरच्या टिक तशाच ठेवून त्याची सही केली. तो मराठीत सही करायचा, ‘ना’चा काना लांब खाली ओढायचा. तसाच ओढला. बाराला परत तेच. त्या दिवशी त्यानं काही सांगितलंही नाही, त्याला बोलवत नव्हतं.

दया म्हणून केलं नाही. अठरा तारखेला भारतात जाणाऱ्या विमानाची यादी तूच लावली होतीस. ज्याच्या केबिनमधले सगळे फॉर्म स्वच्छ, त्याचंच नाव. माझं नाव एकेचाळिसावं होतं. मायाला नववा लागला होता. केबिनमध्ये एक ‘व्हय’ आला असता तर माझं नाव खोडलं गेलं असतं.

ते विमान उडालंच नाही. घरी पोचलो जूनच्या शेवटी, पोरगी सहा आठवड्यांची झाली होती.

काकीला हे का सांगितलं नाही, तेही ऐक. कंपनीच्या कागदांत त्या फॉर्मच्या झेरॉक्स आहेत. तिला वाचता येत नाही, पण लेकाची सही ओळखते. मला विचारलं, “ह्यातली शेवटची कंची?” मी बारा तारखेची दाखवली. ती झेरॉक्स तिनं देव्हाऱ्यात ठेवलीय. खंडोबाच्या टाकाशेजारी. रोज हळदकुंकू वाहते. अर्जुनाच्या हातचं शेवटचं अक्षर म्हणून.

मी महिन्यातून एकदा जातो, ते बघतो, चहा पितो आणि परत येतो.

आता खूश झालास?

कृष्णात


माधवनगर
२४ सप्टेंबर २०२३

जयराज,

वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी फाइल उघडून त्या दोन झेरॉक्स पुढं ओढल्या. मग म्हणाल्या, “कृष्णात, तुम्ही तीन महिने त्या जयराजच्या मागे लागला होतात. अर्धा पुरावा तर तुमच्याच हातात होता.”

मला वाटलं होतं माझी सही उघड झाली तर केस बुडेल. त्या म्हणाल्या, उलट. शेवटचे दोन फॉर्म अर्जुनाचे नाहीतच, हे सिद्ध झालं की कंपनीचा पुरावा हलतो. “पण साक्ष देण्याआधी त्या बाईंना सांगा. साक्ष व्हिडिओवर होणार आहे, त्यांना ते तिथं कळता कामा नये.”

रविवारी गेलो. वडूजला उतरल्यापासून वाडीपर्यंत चालत गेलो, वडापच्या जीपमध्ये बसलो नाही. काकी मटकी निवडत होती. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. यादीचं, विमानाचंही सांगितलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. “त्यो जागा हुता का तवा?”

“पहिल्या दिशी व्हय.”

“काय म्हणला त्यो?”

“म्हणला, ‘न्हाई’ खोड. ‘व्हय’ लिव.”

“मंजी त्यानं सांगितलं हुतं.”

“व्हय काकी.”

“तुला सांगितलं हुतं.”

“व्हय.”

ती उठली. देव्हाऱ्यातली झेरॉक्स काढली. पदरानं कुंकू पुसायला लागली तर ते आणखी पसरलं. कागद माझ्याकडं धरला. “ह्ये तुजं हाय. घिऊन जा.”

मी हात पुढं केला नाही. तिनं तो माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. मग परत बसून मटकी निवडायला लागली. मी खूप वेळ उभा होतो. शेवटी म्हणाली, “साक्ष दे. सगळं सांग. काय ठिऊ नगं. पर आता हितं येत जाऊ नगं.”

हे तुला कशाला लिहितोय कळत नाही. तुझा तो एक ओळीचा मेसेज आला नसता तर कदाचित मी अजून चहा पीत बसलो असतो. पण म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. आठ, नऊ आणि दहा तारखेच्या सह्या अर्जुनाच्याच आहेत. तू करायला लावलेल्या. त्या मला सोडवता येत नाहीत.

कृष्णात


माधवनगर
२६ नोव्हेंबर २०२३

जयराज,

साक्ष झाली. वकीलबाईंच्या ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर बसून. पलीकडं तीन चौकोन : एकात लवाद, एकात कंपनीचा वकील, एकात दुभाषा. दुभाषा कुठला होता देव जाणे, त्याला माझं मराठी झेपेना. अर्जुनाच्या तापाचं सांगताना मी म्हणालो, “अंग चटकत होतं.” त्यानं इंग्रजीत सांगितलं, त्याला भाजलं होतं. अर्धा तास सगळे भाजल्याचं विचारत बसले. वकीलबाई मधे बोलायला लागल्या तर त्यांना थांबवलं, तुमची पाळी आली की बोला. मधेच आवाज गेला. परत आला तेव्हा त्यांची जेवायची वेळ झाली होती.

जेवून आल्यावर कंपनीच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला. तुम्ही दुसऱ्याच्या नावानं खोटी सही केली हे कबूल करता?

करतो.

स्वतःच्या फायद्यासाठी?

हो.

म्हणजे तुम्ही खोटं बोलणारे गृहस्थ आहात. मग अर्जुना क्रू ऑफिसात सांगायला गेला होता, हे तुमचं म्हणणं आम्ही खरं का मानावं?

काय सांगणार? मी म्हणालो, जयराजला विचारा. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, जयराज यांनी कंपनीला कळवलं आहे की त्यांना असं काही आठवत नाही.

आठवत नाही.

गड्या, जहाजावरच्या प्रत्येकाचा केबिन नंबर तुला तोंडपाठ होता. अर्जुनासकट तिघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो म्हणून तू किचनमधनं एक केक मागवला होतास. मेंढरांत वाढलेल्या अर्जुनाला त्यावरचं क्रीम आवडलं नव्हतं, तर म्हणालास, “मेंढराच्या दुधाचं पायजे व्हय रं तुला?” किती हसला होता तो. तुला आठवत नाही!

कृष्णात


माधवनगर
१० मार्च २०२४

जयराज,

निकाल आला. शेवटच्या दोन फॉर्मवरच्या सह्या अर्जुनाच्या नव्हत्या, हे मानलंय. पुढं लिहिलंय, ‘त्यामुळे लक्षणे लपवल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, तथापि, लक्षणे कळवल्याचाही स्वतंत्र पुरावा नाही.’ डॉक्टर उशिरा आला, त्याला दोन्ही बाजूंची ‘परिस्थिती’ जबाबदार. नियमाप्रमाणे जी काही भरपाई आहे ती मिळेल. अपील नाही.

वकीलबाई म्हणाल्या, याहून जास्त कामगारांच्या पदरात सहसा पडत नाही, आपण वाईट लढलो नाही. त्या दमल्या होत्या.

काकीनं येऊ नको म्हटलं होतं, पण हे वाचून दाखवायला दुसरं कोण? उंबऱ्याबाहेरनंच वाचलं. ती म्हणाली, “सिद्ध होत न्हाई मंजी काय?”

“मंजी त्यानं लपवलं आसं आता म्हणता येत न्हाई.”

“आन् सांगितलं, आसं म्हणता येतंय?”

“न्हाई.”

“मग कागद केला कशाला येवढा?”

मी कागदाची घडी घालून ती उंबऱ्यावर ठेवली. आकारामला कळलं तेव्हा तो म्हणाला, “बगा, कोर्टालाबी ठरवता आलं न्हाई.” आता हेच चाललंय वाडीत. आधी ‘लपवलं’ म्हणत होते, आता ‘कुणास ठाऊक’ म्हणतात. काकीला हे जास्त लागतंय असं मला वाटतं.

वकीलबाईंनी फाइल बांधून ठेवली. आता तुझी सही कुणाला नको, तुझी ओळ कुणाला नको. तुझी नोकरी सुखरूप आहे. तू पोरं भरती करत राहा. त्यांच्याकडनं सह्या घेत राहा. मी हे शेवटचं लिहितोय.

कृष्णात


माधवनगर
७ एप्रिल २०२४

जयराज,

शेवटचं म्हणालो होतो, पण हे तुला कळलंच पाहिजे आणि लालासाहेबकाका स्वतः सांगतील असं मला वाटत नाही.

शिमग्याला तू वाईला आला होतास. तुमच्या दोघांत काय झालं ते मला माहीत नाही. काकांनी त्यातलं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गेल्या मंगळवारी त्यांचा मला फोन आला. “वडूजवरनं तुमच्या वाडीला कसं यायचं?” मी रजा टाकली आणि वडूज स्टँडवर जाऊन थांबलो. ते साताऱ्याच्या गाडीनं आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, उन्हात चार तास प्रवास केल्याचं एक चिन्ह नाही. वाटेत मी काहीबाही बोलायला बघितलं. म्हणाले, “किती वाजता घरी असतात त्या?” एवढंच.

काकी अंगणात होती. त्यांनी पायताण बाहेर काढलं आणि हात जोडून उभे राहिले.

“मी जयराजचा बाप. वाईचा.”

काकीनं पदर सावरला. “या की. पर ह्या उनात येवढ्या लांबनं?”

“बोलायला आलोय. बसण्याआधी बोलतो. तुमच्या मुलानं माझ्या मुलाला सांगितलं होतं, ताप आहे म्हणून. आठ तारखेला एकदा आणि दहा तारखेला एकदा. माझ्या मुलानं ते कागदावर घेतलं नाही आणि डॉक्टरला अकरा तारखेपर्यंत सांगितलं नाही. हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. त्याला तुमच्यासमोर यायला जमलं नाही. म्हणून मी आलो.”

काकी त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. शेजारच्या पोरीला हाक मारली. “जा गं, आकाराम भाऊजीस्नी बलीव. तात्याबाला बलीव. पारावर जे कोण आसतील त्या समद्यांस्नी म्हणावं, धोंडुबाईच्या दारात या.”

लोक यायला वेळ लागला. काका तोवर उन्हात तसेच उभे. मी खुर्ची आणली तर मान हलवून नको म्हणाले. पंधरावीस माणसं जमली. आकाराम मागं उभा राहिला होता, काकीनं त्याला पुढं यायला लावलं. मग काकांना म्हणाली, “आवं पाव्हणं, आता मगाचं परत सांगा.”

आणि काकांनी सांगितलं. शब्द न् शब्द तोच, फक्त आवाज मोठा. तुझं नाव घेतलं, तारखा घेतल्या. ‘माझा मुलगा’ म्हणताना दोन्ही वेळा आवाज फुटला, तरी थांबले नाहीत.  आकारामनं टोपी काढून हातात घेतली आणि खाली बघत राहिला. काकी त्याला म्हणाली, “आयकलं न्हवं? आता पारावर जाऊन सांग.”

लोक पांगले. मग काकी लालासाहेबकाकांना म्हणाली, “बसा आता. घोटभर पाणी घ्या. भाकरी खाऊन जावा.”

ते आत जाऊन बसले. तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले. तिनं तव्यावर भाकरी टाकली, आमटी वाढली, समोर बसून वारा घातला. तिनं अर्जुनाच्या लहानपणीचं काही सांगितलं, त्यांनी तुझ्या लहानपणीचं काही सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही.

मी अंगणात उभा होतो. मला ती बस म्हणाली नाही.

कृष्णात